पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (जन्म : गंगामूळ, २३ एप्रिल १८५८, मृत्यू : केडगाव, ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका, बायबलच्या मराठी अनुवादक आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनच्या संस्थापक होत. विधवा, दुष्काळग्रस्त मुली, अंध स्त्रिया आणि समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रिया यांच्यासाठी त्यांनी आश्रयस्थाने उभारली. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ख्रिस्ती धर्मविचारात दया हे मनुष्याने मिळवलेले पुण्य नसून देवाकडून लाभणारे कृपादान मानले जाते. रमाबाईंच्या चरित्रात या विचाराचे प्रत्यक्ष रूप पाहावयास मिळते.

जन्म व घराणे

रमाबाईंचा जन्म सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यमय ठिकाणी झाला. हे ठिकाण सध्या कर्नाटक राज्यात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व संस्कृतचे व्यासंगी विद्वान होते. पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे अध्ययन करीत असताना, शास्त्रीबुवा पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवतात हे अनंतशास्त्र्यांनी पाहिले होते. आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावी, असा निश्चय त्यांनी तेव्हाच केला. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकवावयास आरंभ केला, तेव्हा आप्तस्वकीयांनी व शास्त्रीमंडळींनी विरोध केला. उडुपी येथे विद्वानांसमोर त्यांना आपल्या कृतीचे समर्थन करावे लागले. अखेर गावातील विरोधाला कंटाळून त्यांनी अरण्यात आश्रम वसवला आणि तेथे विद्यार्थी शिकवले.

अतिथी व यात्रेकरू यांच्या सत्कारात घरची मालमत्ता हळूहळू संपली. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने गंगामूळ सोडले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून नेण्यात आले. तेव्हापासून तीर्थयात्रा आणि पुराणवाचन हेच डोंगरे कुटुंबाचे जीवन झाले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे व श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता. रमाबाईंना शाळा अशी लाभलीच नाही. त्यांच्या गुरू म्हणजे त्यांच्या मातोश्री. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत भागवतातील हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते.

दुष्काळ व भटकंती

१८७४ च्या सुमारास दक्षिण भारतात दुष्काळाची झळ लागली. धार्मिक वृत्तीमुळे जवळची शिल्लक दानधर्मात खर्च झालेली होती. मोलमजुरी करणे किंवा भीक मागणे हे दोन्ही घराण्याच्या प्रतिष्ठेस न साजणारे वाटे. कुटुंबाने काही दिवस रानात पाने व रानफळे खाऊन काढले. प्रथम वडील आणि त्यानंतर आई यांचा मृत्यू झाला. आई मरणोन्मुख असताना रमाबाई शेजारच्या एका घरी अन्न मागावयास गेल्या. लज्जेमुळे त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने त्यांची अवस्था ओळखून बाजरीची भाकरी दिली. परंतु ती भाकरी खाण्याची शक्ती आईत उरली नव्हती. पुढे थोरली बहीणही दगावली.

उरलेले दोघे, रमाबाई व बंधू श्रीनिवास, पायी हिंदुस्थानभर फिरले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे खणून मानेपर्यंत अंगावर वाळू ओढून घेतली व रात्र काढली. या भटकंतीत व्रते, उपवास व तीर्थस्नाने यांवरील दोघांचा विश्वास क्रमाने उडत गेला. उपाशी मनुष्याला काय वाटते आणि मागताना जीभ का रेटत नाही, हे रमाबाईंना स्वानुभवाने कळले होते. पुढील आयुष्यात दुष्काळाची वार्ता येताच त्या स्वतः का निघत, याचे मूळ या वर्षांत आहे.

कलकत्ता, विवाह व वैधव्य

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. एक तरुण अविवाहित स्त्री अस्खलित संस्कृत बोलते व शास्त्रार्थ करते, याचे तेथील विद्वानांना मोठे आश्चर्य वाटले. त्यांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास सुचवले. स्त्रियांना वेदाध्ययनाचा अधिकार नाही, असे तोवर त्यांना शिकवण्यात आले होते. धर्मशास्त्राच्या ग्रंथांचे त्यांनी बारकाईने वाचन केले. या ग्रंथांत अनेक बाबतींत मतभेद असले, तरी स्त्रियांविषयीच्या कठोरपणात बहुतेकांचे एकमत आहे, असा त्यांचा निष्कर्ष झाला.

१८८० साली श्रीनिवास यांचे ढाका येथे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय व आंतरप्रांतीय असल्यामुळे दोघांनाही बहिष्कार सोसावा लागला. आसाममधील सिल्चर येथील घरी लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत रमाबाईंच्या वाचनात आली. ख्रिस्ती मताविषयी त्यांना कुतूहल वाटू लागले. परंतु पतीस ते रुचले नाही. एप्रिल १८८१ मध्ये त्यांना कन्या झाली. तिचे नाव मनोरमा. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पतीचे पटकीने निधन झाले आणि तेविसाव्या वर्षी रमाबाईंना वैधव्य आले.

पुण्यातील कार्य

१८८२ साली रमाबाई पुण्यास आल्या. न्या. महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. स्त्रियांनी स्त्रियांच्या उन्नतीसाठी एकत्र यावे म्हणून त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे पुस्तक याच वर्षी प्रसिद्ध झाले. शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडली.

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने त्यांनी १८८३ साली इंग्लंडला प्रयाण केले. ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीचे उत्पन्न प्रवासखर्चास उपयोगी पडले. पुढे श्रवणदोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार त्यांना सोडून द्यावा लागला.

इंग्लंडमधील वास्तव्य व धर्मांतर

इंग्लंडमध्ये रमाबाई वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या मठात राहिल्या. या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले कार्य दाखवले. तेथे पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह होते. एकेकाळी तेथे आश्रयास आलेल्या काही स्त्रिया आता आजारी व दुर्बळ माणसांची शुश्रूषा करीत होत्या. रमाबाईंना हे दृश्य सर्वस्वी नवीन होते. ज्या स्त्रियांना धर्मशास्त्राने कठोर शिक्षा सांगितल्या होत्या आणि ज्यांची सावलीही सज्जनांनी टाळावी असे मानले जाई, त्यांची येथे कोणी मायेने चौकशी करीत होते. या स्त्रियांविषयी ख्रिस्ती लोकांना कळवळा का वाटतो, असे त्यांनी भगिनींना विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या, लोकांच्या दृष्टीने कलंकित अशा परजातीय स्त्रीशी येशू तिचा तिरस्कार न करता संभाषण करतो, असा तो प्रसंग आहे.

या अनुभवाने रमाबाईंच्या मनावर खोल परिणाम केला. चित्पावन ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोऱ्हे यांच्या लेखनामुळे त्यांचे बौद्धिक समाधान झाले होते. फुलहॅममध्ये जे दिसले त्यामुळे त्यांचे अंतःकरण वळले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतरानंतरही त्यांची स्वतंत्र बुद्धी कायम राहिली. त्रैक्याच्या सिद्धान्तासारख्या बाबतींत त्या प्रश्न विचारीत. क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरण्यास त्यांनी हरकत घेतली व संस्कृतचा आग्रह धरला. १८८४ पासून त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात अध्ययन व अध्यापन करू लागल्या. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला. तेव्हा त्यांनी आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन व प्राचार्या डोरोथिआ बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात आपली बाजू ठामपणे मांडली. धर्म स्वीकारला म्हणजे सदसद्विवेक दुसऱ्याच्या हाती सोपवला असे होत नाही, ही त्यांची भूमिका होती. हिंदुस्थानात मात्र धर्मांतरावर प्रखर टीका झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली.

अमेरिकेचा प्रवास

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहण्यासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. त्यानंतर सुमारे तीन वर्षे त्यांनी अमेरिकेत प्रवास केला व व्याख्याने दिली. बालोद्यान पद्धतीच्या शिक्षणाचा त्यांनी अभ्यास केला. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या, विशेषतः बालविधवेच्या स्थितीचे वर्णन आहे. पुस्तकाला फिलाडेल्फियातील स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या राचेल बॉडली यांची प्रस्तावना आहे. त्याच वर्षी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. हिंदुस्थानातील विधवागृहास दहा वर्षे साहाय्य देण्याचे या संस्थेने मान्य केले. प्रवासातील निरीक्षणे त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या मराठी ग्रंथात नोंदवली.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदनाची स्थापना झाली. १८९० साली ते पुण्यास हलवण्यात आले. उच्चवर्णीय विधवांना आश्रय देऊन शिक्षणाने स्वावलंबी करणे हा संस्थेचा उद्देश होता. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असे आश्वासन देण्यात आले होते आणि विद्यार्थिनींना आपापल्या जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी या बालविधवा होत्या. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई (बाया) कर्वे म्हणून प्रसिद्धीस आल्या. कर्वे यांच्या विधवाशिक्षणाच्या कार्याशी शारदा सदनाचा असा थेट संबंध पोहोचतो.

रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही विद्यार्थिनी स्वेच्छेने तेथे येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने सदनावर कडक टीका केली. विद्यार्थिनींना बोलावीत नसले, तरी येणाऱ्यांना हाकलून देणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. सल्लागारांना मात्र यात तटस्थतेचा भंग दिसला. १८९३ साली रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला व अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. ज्या सुधारकांनी त्यांना पुण्यात सन्मानाने बोलावले होते, त्यांच्यापासून त्या अशा दुरावल्या. आपद्ग्रस्ताला आधार देताना आपली श्रद्धा कितपत उघड करावी, हा या वादातील मूळ प्रश्न होता. रमाबाईंच्या कार्याचे मूल्यमापन करताना तो आजही उपस्थित होतो.

दयेविषयीची धारणा

बाप्तिस्म्यानंतरची पहिली काही वर्षे आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला नव्हता, असे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. ‘अ टेस्टिमनी’ या नावाने हे निवेदन १९०७ साली प्रसिद्ध झाले. १८९१ च्या सुमारास त्यांच्या श्रद्धेला वेगळे वळण लागले. तारण हे विद्वत्तेने किंवा सत्कृत्याने मिळत नाही, ते विनामूल्य मिळते, या विचाराने त्यांना समाधान लाभले. बालपणी तीर्थे, दाने व उपोषणे यांच्या द्वारे पुण्यसंचय करण्यात त्यांच्या कुटुंबाने सर्वस्व वेचले होते. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे या परिवर्तनाचा अर्थ स्पष्ट होतो.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलाने सेवा, शिक्षण, बोध, दान यांच्या जोडीने दया करणे हेही एक कृपादान म्हणून सांगितले आहे आणि दया करणाऱ्याने ती हर्षाने करावी अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. कृपादान म्हणजे देवाने आपण होऊन दिलेली व इतरांच्या उपयोगासाठी दिलेली देणगी. या दृष्टीने दया करणारा दाता ठरत नाही; जे स्वतःला मिळाले ते तो पुढे देतो. पुण्याच्या आशेने केलेल्या दानात घेणाऱ्याच्या पात्रतेचा विचार येतो. दयेत तो येत नाही. १८९१ नंतरच्या रमाबाईंच्या कार्यात हा भेद क्रमाने स्पष्ट होत गेला. प्रथम उच्चवर्णीय विधवा, नंतर कोणत्याही जातीच्या दुष्काळग्रस्त मुली आणि त्यानंतर पतित, अंध व वृद्ध स्त्रिया, असा त्यांच्या संस्थेच्या दाराचा विस्तार झाला.

दुष्काळ व मुक्ती सदन

अमेरिकन साहाय्याची मुदत संपल्यावर संस्था स्वतःच्या उत्पन्नावर चालावी, या हेतूने रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली व तेथे फळबाग करण्यास आरंभ केला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. वार्ता कानी येताच आपल्या तारुण्यातील उपासमारीचे दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्या स्वतः त्या प्रदेशात गेल्या. दुष्काळी कामांवर व मदतछावण्यांत त्यांनी हिंडून पाहिले. निराधार मुली दलालांच्या व वाममार्गाला लावणाऱ्यांच्या हाती सापडत असल्याचे त्यांना आढळले. त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आपल्याबरोबर आणल्या.

पुण्यात त्या वेळी प्लेगची साथ होती. इतक्या माणसांना शहरात ठेवण्यास परवानगी मिळेना. तेव्हा सर्वांना केडगावच्या माळावर नेण्यात आले. आरंभी तंबू व गवती छपरे हाच निवारा होता. आलेल्या मुलींपैकी कित्येक अस्थिपंजर झालेल्या, खरजेने भरलेल्या व भयभीत होत्या. अनेकींना पथ्याने अन्न देऊन हळूहळू बरे करावे लागले, काही वाचल्याही नाहीत. या वसाहतीला ‘मुक्ती’ हे नाव देण्यात आले. शारदा सदनाच्या वेळची तटस्थतेची अट येथे नव्हती. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. पुण्यातील प्लेग रुग्णालयात स्त्रियांची जी व्यवस्था होती, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी १८९७ साली वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. तिची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचली.

१९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली आणण्यात आल्या. मुक्तीतील आश्रितांची संख्या दीड हजारांवर गेली. एवढ्या माणसांच्या पाण्यासाठी विहिरी खणण्यात आल्या. ठरावीक उत्पन्न नसताना केवळ प्रार्थना व देणग्या यांवर संस्था चालवण्याचा रमाबाईंचा परिपाठ होता.

कृपासदन

वाममार्गाला लागलेल्या किंवा फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी मुक्तीच्या आवारात ‘कृपासदन’ हा स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. फुलहॅम येथे पाहिलेल्या आश्रयगृहाचेच हे केडगावातील रूप होते. विधवांच्या शिक्षणाला अनुकूल असलेले सुधारकही या स्त्रियांविषयी बोलणे टाळीत. त्यांना आश्रय दिल्यास संस्थेतील इतर मुलींच्या नावाला बट्टा लागेल, अशी भीतीही होती. येणाऱ्या स्त्रियांतील काही आजारांनी जर्जर झालेल्या होत्या, तर काहींचे वागणे अत्यंत उग्र होते. रमाबाईंनी त्यांना मुलींपासून वेगळे ठेवले, पण आपल्यापासून तोडले नाही. संस्थेतीलच काही मुलींनी त्यांच्या शुश्रूषेची जबाबदारी घेतली. जी काल आश्रित होती, ती आज दुसरीची सेवा करते, हा फुलहॅमचा क्रम येथेही दिसू लागला.

शिक्षण व श्रम

मुक्तीतील दया केवळ अन्नवस्त्रापुरती मर्यादित नव्हती. आपल्या आईवडिलांना कोणतीही मजुरी करता आली नाही, म्हणून ते उपासमारीने गेले, याचा रमाबाईंना विसर पडला नव्हता. म्हणून प्रत्येक मुलीला वाचन-लेखनाबरोबर हाताचे काम शिकवले जाई. शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, शिवण, तेलघाणी, स्वयंपाक व शुश्रूषा अशी अनेक कामे तेथे चालत. संस्थेचा छापखाना होता व खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे मुली करीत. शिक्षिका व परिचारिका म्हणून काही जणी पुढे इतरत्रही गेल्या.

मनोरमाबाई यांनी अमेरिकेत असताना ब्रेल लिपी शिकून घेतली होती. त्यांनी मुक्तीतील अंध मुलींना ती शिकवली. वाचू लागलेल्या अंध मुली इतरांना शिकवू लागल्या. अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांच्यासारख्या परदेशी साहाय्यिका मुक्तीत होत्या. तरीही भाषा, वेष व आहार ही मराठी मुलखाचीच राहावीत, यावर रमाबाईंचा कटाक्ष असे. त्या स्वतः आयुष्यभर पांढरे लुगडे नेसत व शाकाहार पाळीत.

१९०५ चे संजीवन

जून १९०५ पासून मुक्तीमध्ये आध्यात्मिक संजीवनाची लाट आली. मुली पश्चात्तापाने रडत, तासन्तास प्रार्थना करीत आणि काही जणी अन्य भाषांत बोलत. या घटनेची ख्रिस्ती जगात पुष्कळ चर्चा झाली. पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासातही तिचा उल्लेख येतो. रमाबाईंनी या प्रकारांना बंदी केली नाही, मात्र त्यांचे अवडंबरही माजवले नाही. अन्य भाषा बोलणे, रोग बरे करणे इत्यादी दाने टाकाऊ नाहीत, परंतु पवित्र आत्म्याच्या कार्याची खरी खूण प्रीती हीच होय, असे त्यांनी प्रतिपादन केले. प्रार्थनेसाठी मुलींचे गट करण्यात आले व ते आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले.

बायबलचा मराठी अनुवाद

त्या वेळी प्रचारात असलेल्या मराठी बायबलची भाषा खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना दुर्बोध वाटते, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळ भाषांवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद हाती घेतला. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीने संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. मुद्रण मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केले. संपूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रकाशित झाला. या अनुवादाची वाक्यरचना काही ठिकाणी मूळ भाषांना इतकी चिकटून आहे की ती मराठीत अवघडलेली वाटते. त्यामुळे त्याचा प्रसार मर्यादित राहिला. एका स्त्रीने एकटीने केलेला संपूर्ण बायबलचा अनुवाद म्हणून त्याचे महत्त्व मात्र मोठे आहे.

अखेरची वर्षे

१९१९ साली सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. मनोरमाबाई या संस्थेच्या कारभारात आईचा उजवा हात होत्या. गुलबर्गा येथील मुलींच्या शाळेच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. रमाबाईंनंतर त्याच मुक्तीची धुरा सांभाळतील, असे सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक कन्या, असे सर्व आप्त रमाबाईंच्या डोळ्यांदेखत गेले. या आघातानंतरही त्यांनी अनुवादाचे काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले.

वारसा व मूल्यमापन

रमाबाईंच्या हयातीत व नंतरही महाराष्ट्राने त्यांच्या कार्याकडे संमिश्र दृष्टीने पाहिले. दुष्काळात सापडलेल्या अनाथ मुलींना ख्रिस्ती वातावरणात वाढवणे म्हणजे त्यांच्या असहायतेचा फायदा घेणे होय, असा आक्षेप टीकाकार घेतात. त्या मुलींना अन्य कोणी वाली नव्हता आणि आपली श्रद्धा लपवून सेवा करणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटले असते, असे समर्थक म्हणतात. धर्मांतरामुळे त्यांचे नाव सामाजिक सुधारणेच्या इतिहासात दीर्घकाळ उपेक्षित राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्री-अभ्यासकांनी त्यांच्या लेखनाकडे नव्याने लक्ष वेधले. भारतीय टपाल खात्याने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन आहे.

केडगाव येथील मुक्ती मिशन आजही कार्यरत आहे. मरणाऱ्या आईसाठी भाकरी मागताना ज्या मुलीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तिने पुढे न मागता येणाऱ्या हजारो स्त्रियांसाठी हे दार उघडले. आपल्याला मिळालेली दया आपली नाही, ती पुढे द्यावयाची आहे, ही त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या धर्ममताशी सहमत नसलेल्या वाचकालाही या श्रद्धेतून उभे राहिलेले कार्य नाकारता येत नाही.